आयडलिंगला थरथरणारी एमजीबी : दोष शोधायचा तो कसा

बोनेट उघडलं की दोन एसयू कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारी उपकरणं, समोरच दिसतात. पहिल्यांदाच जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला त्यांच्या स्क्रूंना हात लावायचा मोह होतोच. तो आवरा. आयडलिंग, म्हणजे ऍक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं मंद चालणं, बिघडवणारे दोष चार जागी लपतात: सिलिंडरचं कॉम्प्रेशन, ठिणगी, नको तिथून ओढली जाणारी हवा आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. तपासणीही याच क्रमानं करायची, कारण कार्ब्युरेटरचं सेटिंग आधीच्या तिन्ही गोष्टी ठीक आहेत असं धरून केलेलं असतं. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) घट्ट असताना किंवा पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळलेले असताना हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवलं, तर मूळ दोष नुसता झाकला जातो आणि पुढच्या वेळी एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात.

इथली उदाहरणं आणि आकडे एमजीबीचे आहेत. १९६२ ते १९८० या काळात ऍबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे नवख्याच्या हाती हीच गाडी येण्याची शक्यता मोठी. तिचं इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, बी-सिरीज. ट्रायम्फ स्पिटफायर, एमजी मिजेट, ऑस्टिन-हीली स्प्राइट यांनाही तपासणीचा क्रम हाच. आकडे मात्र त्या त्या गाडीच्या हँडबुकातून घ्या.

काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी. गाडी उघड्यावर किंवा खेळती हवा असलेल्या जागी ठेवा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी असू द्या आणि सैल बाह्या, ओढणी, लांब केस पंख्यापासून दूर ठेवा. सुरुवातीच्या एमजीबीचा पंखा इंजिनच फिरवतं, त्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत तो थांबत नाही.

आधी ऐका

वीसेक मिनिटं गाडी चालवून आणा. थंड इंजिनाचं आयडलिंग तपासण्यात अर्थ नाही. चोक पूर्ण आत गेलेला हवा, पाण्याचं तापमान नेहमीच्या जागी स्थिरावलेलं हवं.

आता इंजिन चालू ठेवून मागे जा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर तळहात धरा. ठरावीक तालात एक ठोका चुकत असेल, तर बहुधा एकाच सिलिंडरची तक्रार आहे. ताल नसेल, वेग आपोआप वर-खाली होत असेल, आवाज कधी भरीव तर कधी पोकळ येत असेल, तर दोष सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेल्या कुठल्यातरी गोष्टीत आहे. म्हणजे मिश्रण, हवेची गळती किंवा प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर.

मग ऍक्सिलरेटर हळूहळू दाबून २५०० आरपीएमपर्यंत न्या. आयडलिंगला धडधडणारं इंजिन इथे गुळगुळीत चालायला लागलं, तर तो मोठा सुगावा समजा. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, इंजिन फार थोडी हवा घेत असतं आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला) निर्वात सगळ्यात जास्त असतो. सुईच्या टोकाएवढ्या फटीतून शिरणारी हवाही अशा वेळी एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. थ्रॉटल उघडला की तीच गळती जाणवेनाशी होते. किंचित न मिटणाऱ्या व्हॉल्व्हचंही तसंच: वेग वाढला की दाब निसटायला वेळ कमी मिळतो. म्हणून फक्त आयडलिंगलाच त्रास असेल तर हवेची गळती, घट्ट टॅपेट आणि कार्ब्युरेटरचा समतोल यांच्यावर संशय धरा. सगळ्याच वेगांना मिसिंग असेल तर ठिणगीवर.

कुठला सिलिंडर आळशी?

इंजिन चालू असताना एकेका प्लगची ठिणगी तोडायची आणि वेग किती पडतो ते टॅकोमीटरवर बघायचं. काम करणाऱ्या सिलिंडरची ठिणगी गेली की इंजिन लगेच अडखळतं. काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. प्लगची वायर काढताना इन्सुलेशन असलेली पक्कड वापरा आणि सुटलेलं टोक ताबडतोब इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. नाहीतर झटका बसेल, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलेलं असेल तर तेही निकामी होऊ शकतं. ज्यांना हे जोखमीचं वाटतं त्यांनी इंजिन बंद करून वायर काढावी, अर्थ करावी आणि मग पुन्हा चालू करावं. वेळ जास्त लागतो, पण निकाल तोच मिळतो.

बी-सिरीज इंजिनाची एक खासियत इथे फार कामाला येते. त्याच्या हेडला चार सिलिंडरसाठी हवेच्या वाटा दोनच आहेत. एक नंबर आणि दोन नंबर एका वाटेवर, तीन आणि चार दुसऱ्या वाटेवर. रेडिएटरकडचा सिलिंडर एक नंबरचा. म्हणजे पुढचा कार्ब्युरेटर मुख्यतः एक-दोनला पुरवतो आणि मागचा तीन-चारला. आता निकाल वाचा. एक आणि दोन दोन्ही कमजोर असतील तर पुढचा कार्ब्युरेटर किंवा त्या बाजूची गॅस्केट. एकच सिलिंडर कमजोर असेल तर त्याचा प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह. दोन आणि तीन हे शेजारी एकत्र कमजोर असतील तर हेड गॅस्केट त्या दोघांमध्ये फुटली असण्याची दाट शक्यता, कारण हवेच्या वाटेनं त्या दोघांचं काही नातं नाही. इतकी माहिती फुकटात देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. म्हणून निकाल कागदावर लिहून ठेवा.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट

गरम इंजिनाचे चारही प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमानंच मांडून ठेवा. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट थर म्हणजे तेल वर चढतंय, पांढरट टोक म्हणजे पेट्रोल कमी. फिकट तपकिरी रंग हवा. कॉइलची बारीक वायर सोडवा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरनं सारखेच, पाच-सहा फेरे द्या. चांगल्या हाय-कॉम्प्रेशन एमजीबीत आकडा १६० पीएसआयच्या आसपास येतो. आकडा जरा कमी असला तरी घाबरू नका, चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

पण हेड उघडायच्या आधी टॅपेट बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट संपली की तो नीट मिटत नाही, सिलिंडर आयडलिंगला मार खातो आणि व्हॉल्व्ह हळूहळू जळत जातो. सैल टॅपेट टकटक वाजतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, आणि इंजिनाचं नुकसान करणारा तोच.

इंजिन थंड होऊ द्या. फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. प्लग काढलेलेच आहेत, त्यामुळे चौथा गियर टाकून गाडी पुढे ढकलली की इंजिन सहज फिरतं. आठ व्हॉल्व्हना पुढून मागे एक ते आठ नंबर द्या आणि बेरीज नऊची ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट तपासायची, तिसरा दाबलेला असेल तेव्हा सहाव्याची. फीलर गेज किंचित अडत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

ठिणगी

इथे सावकाश जा. ज्याला सगळे कार्ब्युरेटरचा दोष म्हणतात, तो बहुतेक वेळा इथे सापडतो.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतून पुसा आणि उजेडात तिरकं धरून बघा. केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून ठिणगी पळते आहे, झाकण बदला. मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर मोकळा आत-बाहेर व्हायला हवा. रोटर आर्म (झाकणाखाली फिरून ठिणगी वाटणारा भाग) नव्यानं बसवलेला असला म्हणून तो चांगलाच असेल असं समजू नका. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त रोटरमधून ठिणगी थेट शाफ्टमध्ये उतरते, असं वारंवार दिसतं. कंडेन्सरचंही (पॉइंटना जळण्यापासून वाचवणाऱ्या भागाचंही) तेच. पॉइंट थोड्याच दिवसांत निळसर पडून जळत असतील, तर कंडेन्सरवर पहिला संशय.

पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच. कॅमचा उंच कोपरा पॉइंटच्या टाचेखाली असतानाच मोजायची. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) असेल तर ल्युकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला ६० अंश, तीन अंश इकडे-तिकडे चालेल. मीटरवरचं माप फीलरपेक्षा विश्वासाचं, कारण वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होतो आणि फीलर फसतं.

एवढं झालं की रोटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. तो डुगडुगत असेल तर बुश झिजलंय आणि पॉइंटची फट दर फेऱ्याला बदलत राहणार. अशा डिस्ट्रिब्युटरवर टायमिंग जुळवत बसण्यात वेळ वाया जातो. नंतर दोन छोट्या वायरी. एक बाहेरून पॉइंटकडे येणारी, दुसरी आतली विणलेली अर्थ वायर. व्हॅक्यूम ऍडव्हान्समुळे (निर्वाताच्या ओढीनं ठिणगीची वेळ अलीकडे आणणाऱ्या भागामुळे) आतली पाटी सतत मागेपुढे होते, त्यामुळे या वायरी कापडी आवरणाच्या आत तुटतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. हळूच ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही.

प्लगची फट ०.०२५ इंच. वायरी १-३-४-२ या क्रमानं, एमजीबीत रोटर घड्याळाच्या उलट फिरतो हे लक्षात ठेवून. अंधारात इंजिन चालू करून वायरींकडे बघितलं की गळणारी ठिणगी निळी चमकताना दिसते.

टायमिंग यानंतरच, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंगही बदलतं. सुरुवातीच्या हाय-कॉम्प्रेशन इंजिनांना स्थिर टायमिंग (इंजिन बंद असताना) टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या, आधी १० अंश, आणि टायमिंग लाइटनं ६०० आरपीएमला १४ अंश, व्हॅक्यूमची नळी काढून. नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून इंजिन नंबर बघून हँडबुकातला आकडा घ्या. टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरची खूण एका जागी थांबली पाहिजे. ती उड्या मारत असेल तर पुन्हा डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टकडे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट घालायचा विचार असेल, तर १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या (बॅटरीचं धन टोक गाडीच्या धातूला जोडलेलं) हे विसरू नका. उलट जोडणी झाली की किट जळतं.

नको तिथली हवा

एमजीबीत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांच्या डोक्यावर आहेत. म्हणून गळती शोधायला कार्ब्युरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. लालभडक एक्झॉस्टवर तो थेंब पडला की आग. साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो. गॅस्केटच्या कडेवर फवारल्यावर आयडलिंग बदललं, तर गळती तिथेच.

मॅनिफोल्ड आणि हेडमधली गॅस्केट आधी. इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही ठिकाणी एकाच जाड वॉशरखाली एकत्र दाबले जातात. दोघांच्या कानांची जाडी सारखी नसेल, तर वॉशर एकालाच दाबतो आणि दुसरा ढिला राहतो. नट कितीही आवळा, गळती थांबत नाही. जाडी मोजून तिथे घासून किंवा पॅकिंग घालून जुळवावी लागते. त्यानंतर कार्ब्युरेटर, उष्णतारोधक ठोकळा आणि पत्र्याचं कवच यांच्यामधल्या गॅस्केट.

मग नळ्या. ब्रेक सर्व्होची (निर्वाताच्या मदतीनं ब्रेक हलका करणाऱ्या भागाची) रबरी नळी पकडीनं क्षणभर चिमटा. इंजिन सुधारलं तर सर्व्हो किंवा नळी गळतेय. व्हॅक्यूम ऍडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरच्या टोकाकडून काढून तोंडानं ओढा आणि जीभ लावून धरा. ओढ टिकली तर आतला पडदा शाबूत. जिथे क्रँककेसची वाफ कार्ब्युरेटरमध्ये परत जाते अशा इंजिनांत ऑइल भरायच्या झाकणाची रबरी चकती आणि बाजूच्या टॅपेट कव्हरची गॅस्केटही बघायला हवी. तिथून शिरलेली हवा थेट मिश्रणात जाते, आणि ही जागा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

शेवटी थ्रॉटलचा शाफ्ट. दोन्ही टोकांना जाडसर तेलाचा एकेक थेंब सोडा. काही सेकंद आयडलिंग स्थिरावलं आणि पुन्हा बिघडलं, तर शाफ्ट झिजलाय. अशा कार्ब्युरेटरचा समतोल कधीच टिकत नाही. नवा शाफ्ट आणि बुश बसवणं हे मशीनवरचं काम आहे, ते जाणकाराकडे द्या.

आता कार्ब्युरेटर

सगळ्यात आधी चोक. सुरुवातीच्या एमजीबीवरच्या एसयूच्या एचएस४ कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की जेट (पेट्रोल वर येतं ती बारीक नळी) खाली उतरतो, आणि चोक आत ढकलल्यावर कधीकधी एका बाजूचा जेट वर परतत नाही. ते दोन सिलिंडर पेट्रोलनं भिजत राहतात. दोन्ही जेट खालून बोटानं वर दाबून बघा. एखादा सरकला तर दोष सापडला. जेट आणि तरफा साफ करा.

इंजिन बंद करून कार्ब्युरेटरमधला पिस्टन बोटानं उचला आणि सोडा. खाली बसताना धातूवर धातू आपटल्याचा स्पष्ट ‘टक’ आवाज आला पाहिजे. आला नाही तर वरची टोपी काढून पिस्टन आणि आतली भिंत स्वच्छ पुसा. तेल लावायचं ते फक्त मधल्या दांड्याला. टोपीची आणि पिस्टनची जोडी जुळवून बनवलेली असते, म्हणून पुढच्या-मागच्या कार्ब्युरेटरचे भाग एकमेकांत मिसळू देऊ नका. तरीही टक होत नसेल आणि सुई जुन्या पक्क्या प्रकारची असेल, तर जेट मध्यावर आणावा लागेल. वरच्या डॅम्परमधल्या तेलाची पातळी बघून घ्या, पण ते तेल गाडी उचलतानाच्या अडखळण्याशी संबंधित आहे. आयडलिंगसाठी त्याला दोष देऊ नका.

कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकत असेल तर फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह बदला. रबरी नळ्या जुन्या असतील तर त्याही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालं, आणि इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं. त्या रबराचे कण फ्लोटच्या डब्यात जाऊन अडकतात.

समतोल साधताना दोन्ही थ्रॉटलना आणि दोन्ही जेटना जोडणाऱ्या दांड्यांचे क्लॅम्प ढिले करा, म्हणजे प्रत्येक कार्ब्युरेटर स्वतंत्र होईल. हे न करता स्क्रू फिरवणं म्हणजे दोन बैलांचं जू न सोडता एकालाच वळवण्यासारखं. फास्ट आयडलचे स्क्रू कुठेही टेकलेले नाहीत याची खात्री करा. मग रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींची फुसफुस ऐका. आयडलचे स्क्रू फिरवून आवाज सारखा करा. हवा मोजायचा मीटर असेल तर उत्तमच, पण कानही हे काम चोख करतो.

मिश्रण बदलायचं ते जेटखालच्या षटकोनी नटानं, एका वेळी एक बाजू, आणि दोन्ही कार्ब्युरेटरना सारखंच. आधीच्या मालकानं काय करून ठेवलंय ते कळत नसेल, तर जेट पिस्टनखालच्या पुलाच्या पातळीत आणा आणि तिथून नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा बाजू, खाली उतरवा. इंजिन चालेल एवढं तरी नक्की. मग कार्ब्युरेटरच्या बाजूच्या पिननं पिस्टन मिलिमीटरभरापेक्षाही कमी उचला. वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, नट वर घ्या. इंजिन लगेच पडायला लागलं तर पेट्रोल कमी, नट खाली. क्षणभर किंचित चढून पूर्ववत झालं की बरोबर. एका कार्ब्युरेटरचं झालं की दुसरा, आणि मग पहिला परत तपासा, कारण मधली समतोल नळी एकाचा परिणाम दुसऱ्यावर पोहोचवते. दर दोन-तीन मिनिटांनी इंजिन २५०० आरपीएमला अर्धा मिनिट चालवा. नुसतं आयडलिंगला ठेवलं तर प्लगवर काजळी धरते आणि निकाल चुकतात.

नंतरच्या गाड्यांवर आलेल्या एसयूच्या एचआयएफ४ मध्ये खाली नट नसतो, बाजूला स्क्रू असतो. तत्त्व तेच. अमेरिकेला गेलेल्या १९७५ च्या मॉडेलपासूनच्या गाड्यांवर मात्र एकच स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर असतो. त्यात आधी रबरी पडदा फाटलाय का ते बघा.

आयडलिंग ७०० ते ८५० आरपीएमच्या दरम्यान ठेवा, क्लॅम्प आवळा आणि आवळल्यावर पुन्हा एकदा फुसफुस ऐका. आवळताना दांडी पिळली गेली तर समतोल गेलाच. काही नंतरच्या थ्रॉटलच्या चकतीत स्प्रिंगवरचा छोटा व्हॉल्व्ह असतो. स्क्रू पूर्ण सैल करूनही वेग खाली येत नसेल, तर तो व्हॉल्व्ह उघडा राहतोय. साधी चकती बसवली की प्रश्न मिटतो.

एवढं सगळं करूनही

कॉम्प्रेशन चांगलं, ठिणगी चांगली, हवा कुठून शिरत नाही, कार्ब्युरेटर जुळलेले, आणि तरीही इंजिन डुलतं. आता कॅमशाफ्ट. डायल गेज लावून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजा. चारही इनलेट एकमेकांशी आणि चारही एक्झॉस्ट एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादा कमी उघडत असेल तर त्याचा लोब (कॅमशाफ्टवरचा व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजलाय, आणि कॅमशाफ्ट व टॅपेट दोन्ही नवे लागतील. आठही सारखे, पण मूळ मापापेक्षा जास्त उघडत असतील, तर आधीच्या मालकानं शर्यतीच्या धाटणीचा कॅम बसवलेला आहे. तसं इंजिन कमी वेगाला डुलणारच, त्यात दोष नाही. त्याचं आयडलिंग १००० आरपीएमला लावा आणि तिथेच राहू द्या.